उपासाला काय बंद करता?

माणसाच्या दंडाला रबरी पट्टा बांधून मूठ आवळायला सांगितली, की तो बोलायला लागतो. सुईकडे लक्ष जाऊ नये म्हणून बोलतो, आणि घाईत बोलत असल्यामुळे बहुतेक वेळा खरं बोलतो. तेहतीस वर्षं मी लोकांचं रक्त काढलं. कुणाच्या घरात काय शिजतंय, कुणाच्या बांधावरून कुणाची डोकी फुटली, कुठल्या कंपनीत कुठली लाइन बंद होणार, हे सगळं मला वर्तमानपत्राच्या आधी कळत आलं. फक्त एका प्रश्नाचं उत्तर पट्टा बांधूनही कधी धड मिळालं नाही. "कुठली औषधं चालू आहेत?" हा तो प्रश्न.

लोक खोटं बोलत नव्हते. प्रश्नच चुकत होता. हे लक्षात यायला मला तीस वर्षं लागली, आणि लक्षात आलं तेव्हा आमच्या लॅबच्या खालच्या मजल्यावर गयाबाई नावाची एक बाई जवळजवळ बेशुद्ध पडली होती.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी डॉक्टर नाही. मी लॅब टेक्निशियन होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. रक्त काढायचं, ते यंत्रात गरगर फिरवायचं, वर आलेलं पिवळसर पाणी वेगळं करून तपासायचं आणि आकडा कागदावर उतरवायचा, हे माझं काम. कागदावर सही पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांची, आणि आकड्याचा अर्थ सांगायचा अधिकार पेशंटच्या डॉक्टरांचा. आपण अर्थ सांगायचा नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं व्रत. ते मोडावंसं वाटेल असे आकडे दर आठवड्याला समोर येत. सुरुवातीची बरीच वर्षं मी काळेवाडीच्या लॅबमध्ये काढली; पुढे मालकांनी चाकणला शाखा उघडली तेव्हा तिकडे गेले. घर रहाटणीत. त्यामुळे रोज येता-जाता ट्रकच्या रांगेत अडकलेल्या बसमध्ये माझं जेवढं वाचन झालं, तेवढं एखाद्या ग्रंथालयात नोकरी करूनही झालं नसतं. चाकणला येताना सोबत घेतलेली जाडजूड कादंबरी नाशिक फाट्यापासून मोशीपर्यंत पन्नास पानं पुढे सरके. ट्रक तेवढे सरकत नसत.

आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी थायरॉइडला. गळ्यातली ही ग्रंथी फुलपाखरासारखी दिसते, असं प्रत्येक माहितीपत्रकात छापलेलं असतं. पेशंटच्या तोंडून मी फुलपाखरू एकदाही ऐकलं नाही. ते तिला सरळ गाठ म्हणतात. तपासणी होते ती टीएसएचची. हे त्या गाठीचं रसायन नव्हे. मेंदूकडून गाठीला येणारा तो हुकूम आहे. गाठ आळसावली की मेंदू आवाज चढवतो, आणि आम्ही तो आवाज मोजतो. म्हणून आकडा वाढला की गाठीचं काम कमी झालं असं समजायचं. हे उलटं गणित शिकलेल्यांना दोनदा सांगावं लागतं, कंपनीतल्या माणसांना एकदाच. साहेब ओरडतोय म्हणजे लाइन थंड आहे, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

ही तपासणी स्वस्तात करायची युक्ती अगदी साधी आहे. यंत्र लावण्याआधी, ज्यांचा आकडा ठाऊक आहे असे नमुने घालून ते नीट मोजतंय ना हे पडताळावं लागतं. हा खटाटोप एका पेशंटसाठी जेवढा, तेवढाच तीस पेशंटांसाठी. म्हणून आम्ही थायरॉइडचे दोन वार ठरवले, मंगळवार आणि शुक्रवार. मधल्या दिवसांचे नमुने थंड ठेवायचे आणि एकदम लावायचे. शिवाय आधी एकटं टीएसएच. त्यात गडबड दिसली तरच डॉक्टरांना विचारून त्याच नळीतल्या रक्तावर पुढची तपासणी. एवढ्याने आमचा दर कामगार वस्तीला परवडेल असा झाला. मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार आहेत, हे ठरवताना आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. बायकांच्या आलं. थायरॉइडला उपास लागतो असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. "टीएसएचसाठी उपाशी येण्याची गरज नाही" अशी पाटी मी ठळक अक्षरांत लावली. बायका ती मोठ्यानं वाचत आणि म्हणत, "असू द्या, आलोय ते आलोय."

काळेवाडीत असताना मिसाळवहिनी नावाच्या एक पेशंट होत्या. परभणीकडच्या, कामगारांसाठी खानावळ चालवायच्या. त्यांचं टीएसएच काही केल्या खाली येईना. डॉक्टरांनी गोळीची ताकद दोनदा वाढवली, आकडा जागचा हलेना. एका शुक्रवारी पट्टा बांधता बांधता मी विचारलं, "गोळी रोज घेता ना?"

"रोज म्हंजे रोज घेते बाई."

"आज घेतली?"

"आज शुक्रवार नाही का? उपास आहे ना."

"मग सोमवारी?"

"सोमवारी बी उपास. अन् गुरुवारी. अन् चतुर्थी, एकादशी, प्रदोष..."

मी बोटं मोजायची थांबवली. बाईंचा रोज आठवड्यातून तीन-चार दिवसांचा होता. "अहो, पण डॉक्टरांना विचारायचं ना, गोळी उपासाला चालते का म्हणून!"

"असं कसं इचारावं?" मिसाळवहिनी खरोखर लाजल्या. "एवढा शिकलेला माणूस. त्याला साबुदाण्यावाणी गोळीचं इचारायचं?"

शेवटी मीच डॉक्टरांच्या कानावर घातलं. पहाटे उठल्याबरोबर पाण्याबरोबर घ्या, पाणी तर उपासाला चालतं, असं त्यांनी सांगितलं आणि पुढच्या तपासणीला आकडा एवढा खाली आला, की गोळीची ताकद परत कमी करावी लागली. पुढे कित्येक वर्षं मी हा किस्सा हसतहसत सांगत असे. त्यात हसण्यापलीकडे काही आहे, असं माझ्या मनात आलं नाही.

गयाबाई आल्या त्या चाकणला, आषाढातल्या एका मंगळवारी. त्यांची सून ज्योती आमची थायरॉइडची जुनी पेशंट, ती त्यांना घेऊन आली. घर चाकणजवळच्या एका गावातलं. थोडी जमीन रस्त्यात गेली, उरलेल्या रानात कांदा. मुलगा सचिन एका कंपनीत सहा वर्षं कंत्राटावर होता, आणि पुढच्या वर्षी कायम करू असं त्याला सहा वर्षं दरवर्षी सांगितलं जात होतं. गयाबाई पंचावन्नच्या आतबाहेरच्या. चेहरा गोल, गुलाबी, तुकतुकीत. गावातल्या बायका म्हणत, सून असावी तर अशी, सासूचे गाल कसे भरलेत बघा. ज्योतीला या कौतुकाचा अर्थातच राग नव्हता.

"ताई, हिचं करताय तसं माझं बी करा," गयाबाई खुर्चीत बसता बसता म्हणाल्या. "अंग लई सुटलंय. मला थायराइडच हाय."

"डॉक्टरांनी लिहून दिलंय का?"

"दिलंय," ज्योती म्हणाली. "आत्या ऐकेचनात. म्हणतात, तुला निघतं तर मला का निघणार नाही?"

मी बाही वर सारली. चेहरा भरलेला, पण दंड काटकीसारखे. कातडी जुन्या वहीच्या पानासारखी पातळ आणि जागोजागी निळे-जांभळे डाग. पट्टा मी सैल बांधला, तरी त्याच्या कडेने लाल ठिपके उठले.

"मावशी, पडलात का कुठं?"

"न्हाई ओ. बांगडी लागली तरी आसं व्हतंय हल्ली."

"कुठली औषधं चालू आहेत?"

"कंचं बी न्हाई. मला गोळ्या सोसत न्हाईत."

"गुडघ्यांना काही घेत नाही ना? ज्योती म्हणायची, आधी तुम्हाला जिना चढवत नव्हता."

"त्ये आधी. आता पळती मी."

औषधांच्या रकान्यात मी "नाही" लिहिलं आणि सुई काढून कापूस दाबला. ते डाग माझ्या डोळ्यांसमोर होते. आमच्या लॅबच्या खालीच, तळमजल्यावर, डॉक्टर घुले यांचं दहा खाटांचं हॉस्पिटल. त्यांनीच तपासणी लिहून दिलेली. "डॉक्टर, यांचे हात एकदा बघा," एवढं म्हणायला मला जिना उतरावा लागला असता. बाहेर रांग होती, नमुने लावायचे होते, आणि अर्थ सांगायचा नाही हे व्रत होतंच. मी जिना उतरले नाही.

टीएसएच अगदी व्यवस्थित निघालं. गयाबाईंना ते लागलं. रिपोर्ट हातात घेऊन त्या ज्योतीला म्हणाल्या, "बग, तुझं निघतं, माझं निघत न्हाई. यंत्र तुझ्याच वळखीचं दिसतंय."

पुढे श्रावणात गावात भव्य महाआरोग्य शिबिर झालं. फलकावर पुढाऱ्यांचे चौदा चेहरे आणि कोपऱ्यात एक स्टेथोस्कोप. आमच्या लॅबने मला मदतीला पाठवलं होतं. प्रमुख पाहुणे अडीच तास उशिरा आले, फीत कापली, रक्तदाबाचं यंत्र कुतूहलाने पाहिलं, मग माझ्यासमोर बसून हात पुढे केला आणि पट्टा बांधून घेतला. फोटो झाला. मी सुई उघडेपर्यंत त्यांनी पट्टा सोडून माझ्या हातात दिला होता. आरोग्याबद्दलची त्यांची तळमळ मात्र दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आली. या शिबिरात गयाबाईंचीही तपासणी झाली. तिचं नाव "महासुवर्ण". चौदा पानांचा गुळगुळीत रिपोर्ट, पहिल्या पानावर डोंगरावर धावणारं एक आनंदी कुटुंब, आणि आत साखर किंचित जास्त. चौदा पानांत काय खाता, कुठून आणता, हे कुणी विचारलेलं नव्हतं. पण मी तरी कुठे विचारलं होतं?

नवरात्रातली गोष्ट. सहावी माळ. सकाळी साडेनऊच्या सुमारास ज्योती जिना चढून धावत आली. "ताई, खाली चला, डॉक्टरांनी बोलावलंय. आत्या डोळे उघडेनात."

गयाबाईंनी नऊ दिवसांचा उपास धरला होता. सचिन कंपनीत कायम व्हावा म्हणून नवस. तिसऱ्या माळेपासून अंगात त्राण नव्हतं. पाचवीला उलट्या सुरू झाल्या. शेजारणींनी अंगात येतंय म्हणून ओटी भरली. सकाळी त्या माळ चढवायला उभ्या राहिल्या आणि खाली बसल्या त्या बसल्याच. सचिनने शेजाऱ्याच्या कांद्याच्या टेम्पोत घालून आणलं होतं.

मी खाली गेले तेव्हा सलाइन चालू होतं. रक्तदाब पडलेला, साखर उतरलेली. घुले डॉक्टर सचिनवर चिडले होते. "या वयात नऊ नऊ दिवस उपास कसले करू देता राव! सगळी तपासणी घ्या मॅडम, शुगर परत बघा."

मी तोच हात धरला. तेच डाग. आणि का कोण जाणे, मला परभणीच्या मिसाळवहिनी आठवल्या. मी ज्योतीला विचारलं, "उपासाला यांनी काय काय बंद केलंय?"

"भात, भाकरी, चहा, चपला..."

"आणखी?"

"आणखी... पुडी."

"कसली पुडी?"

उत्तर सचिनने दिलं. "गुडघ्याची. आठवडे बाजारात एक जडीबुटीवाला बसतो. संक्रांतीपास्नं घेतीये आई. दोन दिवसांत गुडघे मोकळे. औषध न्हाई ते, झाडपाल्याचं हाय."

"आणि ती का बंद केली?"

"त्यात हळद हाय म्हणला व्हता तो. उपासाला हळद कुठं चालती?"

घुले डॉक्टरांनी मान वर केली. गयाबाईंच्या गोल चेहऱ्याकडे पाहिलं, मग मी धरलेल्या हाताकडे. त्यांचा चिडका आवाज एकदम शांत झाला. "मॅडम, कॉर्टिसॉलला रक्त घ्या. आत्ताच्या आत्ता. तुमची नळी भरली की मी इंजेक्शन देणार. रिपोर्टची वाट बघायची नाही."

रक्तदाब पडलेल्या माणसाची शीर सापडणं कठीण. पहिल्यांदा चुकले. दुसऱ्यांदा मनगटाजवळ मिळाली. नळी भरली, डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं आणि मी नळी घेऊन जिना चढले.

दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. कॉर्टिसॉल त्या बनवतात. पहाटेपासून हे वाढत जातं, सकाळी आठच्या सुमारास भरपूर असतं, दिवस मावळला की कमी होतं. थोडक्यात, पहिल्या शिफ्टचा सुपरवायझर. रक्तदाब आणि साखर सावरून धरणं हे त्याचं काम, आणि माणूस आजारी पडला की तो ओव्हरटाइम करतो. बाजारातल्या असल्या पुड्यांमध्ये कित्येकदा स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात. तेही हेच काम करतं, पण कितीतरी जोरात. म्हणून गुडघे दोन दिवसांत मोकळे होतात, गाल भरतात, साखर चढते, कातडी पातळ होते. आयतं काम होतंय म्हटल्यावर ग्रंथी काम थांबवतात. आणि मग पुडी एका दिवसात बंद केली तर अंगात सुपरवायझरच उरत नाही.

कॉर्टिसॉलचा आमचा वार गुरुवार. त्या दिवशी गुरुवार नव्हता. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना फोन करून मी एका नमुन्यासाठी यंत्र लावलं. इतक्या आजारी माणसाचा आकडा चढलेला असायला हवा. गयाबाईंचा आकडा यंत्राला मोजता येईल त्याच्या तळाशी होता.

दुपारी त्यांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न सुनेला. "माळ चढवली का गं?"

खरा पेच दुसऱ्या दिवशी उभा राहिला. उलट्या थांबल्या होत्या, आता इंजेक्शनवरून गोळ्यांवर आणायचं होतं. गयाबाईंनी तोंड मिटून घेतलं.

"सलाइन शिरंतनं गेलं, त्यानं उपास मोडत न्हाई. गोळी तोंडातनं जाती."

"मावशी, ही गोळी चुकवली तर जीव जाईल," घुले डॉक्टर म्हणाले.

"आजून दोन माळा हायेत. मंग घेती."

"दोन दिवस नाही थांबता येत!"

"मंग टोचा."

"आणि दर एकादशीला येणार का टोचून घ्यायला? वर्षभर घ्यावी लागेल ही."

"आई, नको मला ते परमनंट," सचिन रडकुंडीला आला होता. "तू गोळी घे."

"गप रं. तुला काय कळतं? सा वर्सं लोकांची पोरं कायम झालेली बघती मी."

डॉक्टरांनी रक्तदाबाबद्दल सांगितलं, सोडियमबद्दल सांगितलं, दोनदा आवाज चढवला. गयाबाईंची गाठ काही हलली नाही. दुपारचा डोस जवळ येत होता. मी रक्त घ्यायला म्हणून आले होते ती तिथेच स्टूल ओढून बसले, आणि तीस वर्षं पाळलेलं व्रत मोडलं.

"मावशी, सचिनच्या कंपनीत कायम माणसंही आहेत, कंत्राटीही आहेत. कंत्राटी पोरं दुप्पट काम करायला लागली, तर कायमवाल्यांचं काय होतं?"

"बसवत्यात घरी," सचिन म्हणाला.

"तुमच्या अंगातही दोन गाठी आहेत. कायम. जन्मापासून रोज सकाळी कामावर हजर. पुडीवाल्यानं आत कंत्राटी भरले आणि त्या घरी बसल्या. आता घट बसले आणि तुम्ही सगळे कंत्राटी एका दिवसात काढून टाकले. लाइनवर कोण राहिलं?"

गयाबाईंनी विचार केला. "कुनी बी न्हाई."

"म्हणून तुम्ही पडलात."

"मंग ही गोळी कोन?"

"हीसुद्धा कंत्राटीच. पण मोजून लावलेली. कायमवाल्या परत यायला लागल्या, की हळूहळू कमी करायची."

"हळद हाय का हिच्यात?"

"नाही. तुमच्या अंगात रोज सकाळी जे तयार व्हायचं तेच आहे. वेगळं काही नाही."

"म्हंजी माझंच व्हतं?"

"तुमचंच."

गोळी एकत्र धरून ठेवायला तिच्यात थोडं पीठ घालतात, आणि ते बहुधा मक्याचं असतं, हे मला माहीत होतं. ते मी सांगितलं नाही. देवीला जाब द्यायची वेळ आली, तर त्यांनी खुशाल माझं नाव सांगावं.

गयाबाई उशीला टेकून बसल्या. मग हात पुढे केला. "माझंच मला द्यायचं, तर उपासाचं काय आडतंय? आना पानी."

ज्योतीने पाणी दिलं. घुले डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं मला वाटायचं तुम्ही अबोल आहात."

त्याच आठवड्यात मी आमचा फॉर्म बदलला. "कुठली औषधं चालू आहेत?" हा प्रश्न राहू दिला, पण त्याच्या खाली आणखी दोन घातले. "पुडी, काढा, चूर्ण, मालिशचं तेल यांपैकी काय घेता?" आणि "उपासाला काय बंद करता?" मालकांनी विचारलं, हा काय धार्मिक प्रश्न घातलाय फॉर्मवर? पहिल्याच महिन्यात त्या प्रश्नाला रक्तदाबाच्या, साखरेच्या, फिटच्या गोळ्या अशी उत्तरं आली. मालकांनी पुन्हा विचारलं नाही. तो पुडीवाला पुढच्या बाजारी दिसला नाही. घुले डॉक्टरांनी सरकारी खात्याला पत्र लिहिलं होतं, पण तो पत्रामुळे गेला की बातमी फुटल्यामुळे, ते कळलं नाही. त्याच्या जागी आता दुसरा बसतो. त्याच्याकडे स्पीकर आहे.

मला खटकतं ते वेगळंच. गयाबाईंच्या आधी असे किती निळे डाग माझ्या खुर्चीत येऊन बसले असतील आणि मी "औषध नाही" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं असेल? माझ्या अक्षराचं सगळे कौतुक करत.

गयाबाईंच्या गाठींना परत कामावर यायला दोन वर्षं लागली. मधेमधे गुरुवारी, सकाळची गोळी न घेता, त्या आठ वाजता येत. रक्त दिलं की लगेच पिशवीतली गोळी काढून घेत. पुडी सुटल्यावर गुडघे परत दुखायला लागले, त्याबद्दल त्यांनी मला आणि घुले डॉक्टरांना समान न्यायाने शिव्या घातल्या. पण गोळी चुकवली नाही. पुढच्या नवरात्रात घट बसायच्या दिवशी सकाळीच फोन आला. "ताई, चालू ठिवू ना?" मी म्हटलं, "ठेवा." एकादशीलाही फोन. संकष्टीलाही. काही महिन्यांनी मी विचारलं, "मावशी, आता तुम्हाला माहीत आहे, तरी फोन कशाला करता?" तर म्हणाल्या, "उपासाचं पाप तुमच्या नावावर पडावं म्हणून."

मी निवृत्त व्हायच्या आधीच्या भाद्रपदात त्यांची शेवटची तपासणी झाली. मी यंत्रातून आकडा काढला, खात्री करून घ्यावी म्हणून परत एकदा नमुना लावला, आणि रिपोर्ट हातात घेऊन जिना उतरले. या वेळी उतरले. घुले डॉक्टरांनी तो वाचून टेबलावर ठेवला. समोर गयाबाई, ज्योती आणि रात्रपाळी करून आलेला सचिन.

"मावशी, तुमच्या कायमवाल्या कामावर रुजू झाल्या," डॉक्टर म्हणाले. "गोळी बंद. मोठा ताप आला, उलट्या झाल्या, तर मात्र सरळ इकडे यायचं."

गयाबाईंनी सचिनकडे बघितलं. त्याला आता आठ वर्षं झाली होती, आणि पुढच्या वर्षी कायम करू असं कंपनीने नुकतंच सांगितलं होतं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "नवस बोलले पोरासाटी, आन् कायम झाली माझी गाठ."

"आई, तिला म्हणावं माझी बी शिफारस कर," सचिन म्हणाला, आणि डॉक्टरांसकट सगळे हसले. तो स्वतःही हसला, थोडा उशिरा.

ज्योतीचं टीएसएच करायचं होतं म्हणून त्या दोघी माझ्याबरोबर वर आल्या. ज्योतीचा हात झाल्यावर गयाबाई स्वतःच खुर्चीत बसल्या. "माझं बी करा. डॉक्टरांकडनं लिवून आनलंय. आता तरी निघंल."

मी फॉर्म पुढे ओढला. नाव, वय. औषधं, नाही. पुडी, काढा, चूर्ण?

"नाव काढू नगा."

शेवटचा रकाना आला. तो प्रश्न कुणामुळे तिथे आहे, हे त्यांना ठाऊक होतं. तरी मी तो नीट, सगळ्यांना विचारते तसा विचारला. "उपासाला काय बंद करता?"

दोन आठवड्यांवर नवरात्र आलेलं. त्यांनी पायांकडे बघितलं.

"चपला."

"आणखी?"

"आनि काय बी न्हाई. लिवा, चपला."

मी लिहिलं.